एका फळीची रेहाल

आईच्या निकाहात माहेरून आलेल्या वस्तूंपैकी आमच्या घरात फार थोड्या उरल्या आहेत. तांब्याचा एक हंडा, पानदान आणि एक रेहाल. गेल्या वर्षी रमजान लागायच्या आठ दिवस आधी रेहालचा सांधा तुटला. आईने तक्रार केली नाही. उशी घेतली, तिच्यावर स्वच्छ रुमाल अंथरला, त्यावर कुराणशरीफ ठेवलं आणि तिलावत सुरू केली.

माझी पाच वर्षांची मुलगी ते बघत होती. ती म्हणाली, "अब्बू, ईदला दादीला नवीन रेहाल देऊ या." आठ वर्षांच्या भावाने लगेच सुधारणा केली, "विकतची नको. आपण बनवू." शाळेत कागदाचे कंदील आणि राख्या बनवून त्याचा आत्मविश्वास वाढला होता. मलाही वाटलं, त्यात काय मोठंसं? दोन फळ्या आणायच्या, मध्ये बिजागरी ठोकायची, झाली रेहाल.

म्हणून तुटलेली रेहाल हातात घेऊन नीट पाहिली. पन्नास वर्षं घरात असलेली वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होतो, असं म्हणावं लागेल. तिला बिजागरी नव्हती. खिळा नव्हता, स्क्रू नव्हता, सरसही नव्हता. दोन्ही पाती एकाच फळीतून निघाल्या होत्या आणि लाकडाचीच बोटं एकमेकांत अडकवून सांधा केला होता. हे कसं केलं असेल, ते मला काही केल्या उमगेना. दोन पदव्या घेतलेला बाप आणि त्याची दोन मुलं, तिघंही तो तुकडा उलटसुलट करत बसलो.

शेवटी आम्ही गल्लीच्या टोकाला असलेल्या मिस्त्रींकडे गेलो. ते मूळचे सहारनपूरकडचे. तिकडे शिसवी लाकडावरचं कोरीव काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ते करणारे बहुतेक कारागीर मुसलमान आहेत. आपल्याकडच्या किताबांच्या दुकानांत, मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून गावच्या उरुसातल्या पालापर्यंत, ज्या नक्षीच्या रेहाल दिसतात, त्यांतल्या कितीतरी त्याच भागातून येतात. मिस्त्रींनी तुटलेली रेहाल एका नजरेत ओळखली. म्हणाले, "ये तो एक पटिये की है. सिखा दूँगा बच्चों को. मगर जल्दी मत करना."

फळी उघडते तेव्हा

त्यांनी आधी खोक्याच्या पाइनची एक स्वस्त फळी दिली. सागाची फळी बाजूला ठेवली. पहिली खराब होणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

पहिलं काम आखणीचं. फळीच्या रुंदीचे पाच सारखे भाग करायचे होते. रुंदी भरली सव्वासात इंच. मुलगा कागदावर भागाकार करू लागला आणि अडकला. मीही मोबाइल काढला. मिस्त्रींनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पट्टी फळीवर तिरकी ठेवली. शून्य एका कडेला आणि दहा दुसऱ्या कडेला येईल इतकी ती कलवली. मग दोन, चार, सहा, आठ या आकड्यांसमोर पेन्सिलने खुणा केल्या. पाच सारखे भाग, भागाकार न करता. मुलगा अवाक झाला. वर्गात पुढे कधीतरी समांतर रेषांचा जो नियम त्याला पाठ करावा लागेल, तो त्याने त्या दिवशी लाकडावर पाहिला.

मग सांध्याची युक्ती कळली. फळीच्या एका बाजूने पहिलं, तिसरं, पाचवं बोट कापायचं आणि दुसऱ्या बाजूने दुसरं, चौथं. त्यानंतर फळी जाडीतून चिरत आणायची. वरच्या टोकाकडून सांध्यापर्यंत आणि खालच्या टोकाकडून सांध्यापर्यंत. मधली बोटं मात्र एकमेकांत तशीच अडकलेली राहतात. सगळे काप जुळले की फळी पुस्तकासारखी उघडते.

मुलाने घाईत दोन्ही बाजूंना एक, तीन, पाच अशाच खुणा केल्या. मिस्त्रींना ते दिसलं होतं, पण ते बोलले नाहीत. कापून झाल्यावर तीन बोटं भुशात गळून पडली आणि उरलेली दोन जागची हललीच नाहीत. मुलाचा चेहरा पडला. त्याला कुणी रागावलं नव्हतं, कुणी लाल शाईने फुली मारली नव्हती. चूक त्याच्या हातात होती आणि ती त्याची त्यालाच दिसत होती. पाच मिनिटांनी तोच म्हणाला, "उलट्या बाजूला दोन आणि चार पाहिजे होतं."

हे मी एवढं तपशिलात सांगतोय, कारण या पाच मिनिटांवर जगातल्या काही मोठ्या शिक्षणतज्ज्ञांनी आयुष्य खर्च केलं आहे. त्यांतला एक आपला होता. पण त्याआधी थोडं रेहालविषयी.

भेटीचा इतिहास

'रहल' हा अरबी शब्द. मूळ अर्थ उंटाचं खोगीर. दोन बाजूंना उतरणाऱ्या त्या आकारावरून ग्रंथ ठेवायच्या घडीच्या चौकटीला हे नाव मिळालं. तुर्कीत ती 'रहले' झाली, आपल्याकडे रेहाल. आपल्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीच्या पारायणालाही अशीच घडीची लाकडी चौकट वापरतात, तिला व्यासपीठ म्हणतात. ग्रंथ वेगळा, पण त्याला जमिनीवर न ठेवण्याचा अदब एकच आणि तो सांभाळणारी सुताराची युक्तीही एकच.

तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात मौलाना जलालुद्दीन रूमींच्या दर्ग्याला १२७९ साली भेट दिलेली एक रेहाल आजही तिथल्या संग्रहालयात आहे. रूमींच्या निधनाला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. तिच्या आतल्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि सिंह रंगवले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १३६० सालची एक रेहाल आहे. चार फुटांहून उंच, वेलबुट्टीच्या कोरीव कामाने भरलेली. ती सागवानी आहे. साग इराण-तुराणात उगवत नाही. तो हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाकडचा. म्हणजे ते लाकूड आपल्याच बाजूने तिकडे गेलं असणार. आपल्या दख्खनमध्ये बहमनी सल्तनत स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती.

या दुसऱ्या रेहालची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आहे. हसन बिन सुलेमान इस्फहानी. अल्लाहचं नाव, पैगंबरांचं नाव, बारा इमामांची नावं आणि त्याच लाकडावर एका कारागिराचं नाव. साडेसहाशे वर्षांनंतर त्या काळच्या कित्येक अमीर-उमरावांना कुणी ओळखत नाही, पण हसन सुताराला जग ओळखतं.

आणखी मागे जाऊ. मदिन्यात मस्जिदे नबवीत पैगंबर (स.) सुरुवातीला खजुराच्या एका खोडाला टेकून खुतबा देत. तिथल्या एका अन्सारी महिलेकडे सुतारकाम जाणणारा एक गुलाम होता. तुमच्यासाठी बसायला काही बनवून देऊ का, असं तिने विचारलं आणि जंगलातून आणलेल्या झाऊच्या लाकडाचा तीन पायऱ्यांचा मिंबर तयार झाला. सहीह बुखारीत ही हकीकत आली आहे. जगभरच्या मशिदींतल्या संगमरवरी, सोनेरी मिंबरांचा मूळपुरुष म्हणजे लाकडाची ही साधी भेट. आणि ती घडवणारे हात एका गुलामाचे.

हजरत झकरिया हे सुतार होते, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. हजरत नूह यांनी फळ्या आणि खिळ्यांनी कश्ती बांधली, ते कुराणात आहे. हजरत दाऊद राजे असूनही स्वतःच्या हाताच्या कमाईचं खात. स्वतःच्या श्रमाच्या घासाहून चांगला घास नाही, असं पैगंबरांनी शिकवलं. ते स्वतः आपली चप्पल शिवत, कपडे सांधत. म्हणजे मजहबच्या बाजूने पाहिलं तर हाताच्या कामाला आपल्याकडे इतका मान आहे की, त्याहून जास्त असूच शकत नाही.

आणि आपला समाज?

इथे मात्र आपण स्वतःला प्रश्न विचारायला हवा. रेहाल कपाटातल्या सर्वात वरच्या फळीवर आणि ती बनवणारा दाराबाहेर, असं आपण कधी करून बसलो? हिंदुस्थानातल्या मुसलमानांत अश्राफ आणि अजलाफ असे थर पडले. विणकर, पिंजारी, शिकलगार, रंगारी ही नावं ओळखीची राहिली नाहीत, कमीपणाची झाली. ज्याच्या हातात किताब तो शरीफ, ज्याच्या हातात करवत तो कमीन, हा हिशेब कुराणातून आला नव्हता. तो इथल्या जातिव्यवस्थेकडून आणि सरंजामी दरबारांकडून आपण घेतला. वसाहतकाळात इंग्रजांच्या शाळांनी त्यावर कारकुनीचा शिक्का मारला. शिकला तो टेबलाशी बसणार, हाताने काम करील तो न शिकलेला.

या हिशेबाविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे डॉ. झाकिर हुसैन. त्यांची ओळख आपण 'देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती' एवढ्यावर आटोपतो. पाठ्यपुस्तकात त्यांचा फोटो असतो, शेरवानी आणि टोपीतला. त्यांनी आयुष्याची बावीस वर्षं जिथे घालवली त्या शाळेबद्दल आपण फारसं बोलत नाही.

एक जर्मन घरटं

खिलाफत आणि असहकाराच्या लाटेत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली. सरकारी मदत नाकारणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांमध्ये तेवीस वर्षांचे झाकिर हुसैन होते. पुढे ते बर्लिनला गेले, १९२६ साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले आणि लगेच जामियाचे कुलगुरू, म्हणजे शेखुल जामिया झाले. त्यांच्यासोबत आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब होते. संस्थेकडे पैसा नव्हता, ती बंद करायची चर्चा होऊन गेली होती, पगार नावापुरते होते. तशा अवस्थेत हे तिघे थांबले.

जर्मनीतून झाकिरसाहेबांनी जे आणलं, त्यात एका शिक्षकाचा विचार होता. गेओर्ग केर्शेनश्टायनर हे म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख, १८९५ ते १९१९. त्यांनी 'कामाची शाळा' मांडली. त्यांचं गाजलेलं उदाहरण फार साधं आहे. मुलांनी लाकडाच्या फळीतून साळुंकीच्या जातीच्या एका पक्ष्यासाठी घरटं बनवायचं. फळी किती लागेल, कुठे कापायची, छप्पर कोणत्या उताराचं, हे मुलाने आधी स्वतः ठरवायचं. मग करायचं. मग तपासायचं. छप्पर बसलं नाही, फटी राहिल्या, तर शिक्षकाने सांगायची गरज पडत नाही. वस्तूच सांगते. आपल्या कामाकडे असं निर्दयपणे, प्रामाणिकपणे बघायची सवय, हेच केर्शेनश्टायनर यांच्या मते चारित्र्याचं शिक्षण.

मिस्त्रींच्या दुकानात भुशात पडलेली तीन बोटं पाहणारा माझा मुलगा नेमकं हेच शिकत होता.

युरोपात या विचाराची मुळं आणखी जुनी आहेत. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केलं, त्याला पुढे किंडरगार्टन हे नाव मिळालं. मुलांना हाताळायला त्यांनी लाकडी गोळे, घन, ठोकळे तयार केले आणि त्यांना नाव दिलं 'भेटी'. मुलाच्या हातात लाकूड देणं म्हणजे त्याला भेट देणं, असं त्यांना वाटत होतं. प्रशियाच्या सरकारला यातही धोका दिसला आणि १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी आली.

झाकिरसाहेबांनी हे सगळं जसंच्या तसं उचललं नाही. ते म्हणत, प्रत्येक काम शिकवत नाही. यंत्रासारखं केलेलं काम माणसाला यंत्र करतं. समोर एखादा प्रश्न असावा, तो सोडवायचा आराखडा मनात तयार व्हावा, मग हात चालावेत आणि शेवटी आपलंच काम आपण तपासावं. या चार पायऱ्या असतील तरच काम तालीम ठरतं.

जामियाच्या प्राथमिक मदरशात अब्दुल गफ्फार मुधोळी यांच्यासारख्या शिक्षकांनी प्रकल्पातून शिकवणं सुरू केलं. मुलांची स्वतःची बँक होती, दुकान होतं. 'पयामे तालीम' हे मुलांचं मासिक निघत होतं. झाकिरसाहेब मुलांसाठी कथा लिहीत. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट छापली गेली ती रुकय्या रेहाना या नावाने. हे नाव त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीचं. १९३० च्या दशकात गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मन ज्यू शिक्षिका दिल्लीला आली आणि जामियातल्या सर्वात लहान मुलांची 'आपाजान' झाली. महायुद्धात इंग्रज सरकारने तिला जर्मन नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवलं. १९४३ साली ती वारली आणि जामियाच्या कब्रस्तानात तिला दफन केलं. जामियाच्या पाळणाघराला आज तिचं नाव आहे.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला शाळेच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. नवाब, नेते, उलेमा सगळे ओळखीचे होते. पायाचा दगड बसवला तो शाळेतल्या सर्वात लहान विद्यार्थ्याने.

वर्ध्याची बैठक

फ्रोबेल यांच्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या अंगणात आली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना होती. तिचा अभ्यासक्रम करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष झाकिर हुसैन. सदस्यांत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन, के. टी. शाह, आर्यनायकम आणि आशादेवी. सव्वा महिन्यात, २ डिसेंबरला अहवाल तयार झाला.

सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलामुलीला सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण. माध्यम मातृभाषा. रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योग. सूतकताई-विणकाम, शेती आणि पुठ्ठा-लाकूड-धातूकाम यांचे तपशीलवार अभ्यासक्रम दिले होते. लाकूड मोजताना गणित, झाड ओळखताना विज्ञान, ते कुठून आलं हे शोधताना भूगोल, असं विषयांना कामाशी बांधलं होतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला आणि झाकिरसाहेब त्याचे अध्यक्ष झाले.

विरोधही जोरदार झाला. शाळेतल्या मालामुळे गरीब कारागिरांशीच स्पर्धा होईल आणि मुलं राबवली जातील, ही भीती परिषदेतच के. टी. शाह यांनी मांडली होती. मुस्लिम लीगने वेगळ्या कारणांनी रान उठवलं. धार्मिक शिक्षणाला जागा नाही, सगळं काँग्रेसी राष्ट्रवादाच्या साच्यातलं आहे, अशी टीका झाली. त्यात मध्य प्रांत सरकारने आपल्या शाळांच्या योजनेला 'विद्यामंदिर' नाव दिलं आणि आगीत तेल पडलं. १९३८ च्या पीरपूर अहवालात या तक्रारी नोंदल्या गेल्या. झाकिर हुसैन यांना आपल्याच कौममधून बोलणी खावी लागली. त्या काळच्या वातावरणात ही शंका सगळीच निराधार होती, असं मी म्हणणार नाही. पण नुकसान असं झालं की, हस्तोद्योगाची शाळा हा मुसलमानांसाठी राजकीय वादाचा विषय झाला. ज्या समाजात इतके कारागीर होते, त्यानेच ती योजना संशयाने पाहिली.

अहवालात एक इशारा आहे आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. समितीने स्पष्ट लिहिलं होतं की, या योजनेत कमाईच्या बाजूवर भर दिला गेला, तर शिक्षणाचा हेतू मारला जाण्याचा धोका आहे आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्याच्या मागे लागतील. मुलाने किती माल काढला यापेक्षा त्याने काय समजून घेतलं, हे समितीला महत्त्वाचं वाटत होतं.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम कागदावर राहिली. बहुतेक शाळांत तकल्या धूळ खात पडल्या. आपल्या तारुण्यात सगळ्यांनी भोगलेला 'कार्यानुभव' नावाचा तास म्हणजे तिचंच उरलेसुरलेलं टरफल. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, खडे, लाकूड अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षण उभं केलं. असे अपवाद सोडले तर टेबल आणि करवत यांच्यातली भिंत तशीच राहिली.

मिस्त्रींचा प्रश्न

सागाच्या फळीची आखणी चालली होती तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही हे कितव्या वर्षी शिकलात?"

"नौ साल का था. अब्बा के ठेकेदार के पास बिठा दिया."

"शाळा?"

त्यांनी मान हलवली. पटाशीवरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "हजारों रेहल बनाई होंगी. उस पर जो रखते हैं, वो पढ़ना नहीं आया."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा पट्टी धरून उभा होता, त्यानेही हे ऐकलं.

आपल्या समाजापुढचा प्रश्न मला त्या वाक्यात दिसतो. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं की, सहा ते चौदा वयातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एक तर कधी शाळेत गेली नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. त्यांतली कितीतरी लूम, जरी, गॅरेज, फर्निचर अशा कारखान्यांत गेली असणार. त्यांच्या हातात हुनर आलं, पण त्यांच्या कामात झाकिरसाहेबांच्या चार पायऱ्या नव्हत्या. आराखडा दुसऱ्याचा, तपासणी दुसऱ्याची, नफाही दुसऱ्याचा. त्यांच्या वाट्याला फक्त तिसरी पायरी आली, हात चालवायची.

दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी शिकलेली घरं. आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात, क्लासला जातात आणि खिळा ठोकायची वेळ आली की ॲपवरून माणूस बोलावतात. एका मुलाला किताब मिळाली नाही, दुसऱ्याला करवत. दोघांचंही अर्धंच शिक्षण झालं. त्यातला पहिला मुलगा जास्त गमावतो, हे मात्र विसरता कामा नये. माझ्या मुलाला सुतारकाम आलं नाही तरी त्याचं पोट भरेल.

म्हणूनच हस्तकौशल्याचं कौतुक करताना सावध राहायला हवं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी घातली गेली, पण शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करायला सूट राहिली. 'घरचा धंदा' हा शब्द कारागिरांच्या मोहल्ल्यात किती लांबवता येतो, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. परंपरेच्या नावाने नऊ वर्षांचं पोर दिवसभर पटाशीला जुंपणं ही तालीम नाही. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकावं, अशी शिफारस आहे. चांगली आहे. मात्र त्या दहा दिवसांत आपली मुलं सुताराकडे जातील, तेव्हा सुताराचं मूल कुठे असेल, हेही बघावं लागेल. ते वर्गात असलं पाहिजे.

मिस्त्रींचा मुलगा वर्गात आहे. दहावीला आहे. त्याला त्यांनी करवत हातात दिलेली नाही. "पहले पढ़ ले," म्हणतात. मला त्यांना सांगावंसं वाटलं की, तिरकी पट्टी ठेवून पाच भाग करणं त्यालाही शिकवा, ती भूमितीच आहे. पण मी कोण त्यांना सांगणारा? नऊ वर्षांचा असताना काय गेलं, ते त्यांना माहीत आहे.

ईदच्या सकाळी

सागाची फळी जाडीतून चिरायचं काम मिस्त्रींनीच केलं. मुलांच्या हाताचं ते नव्हतं. बोटांचे बाहेरचे काप मुलाने केले, त्याच्या मुठीवर मिस्त्रींची मूठ. पटाशी मुलांना दिली नाही. मुलीने पॉलिश कागदाने दोन्ही पाती घासल्या. चार दिवस, रोज अस्रनंतर, गाणं म्हणत. जवसाचं तेल तिनेच फडक्याने लावलं, रेहालला थोडं आणि फ्रॉकला पुष्कळ.

शेवटचा काप झाला तेव्हा मिस्त्रींनी फळी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "खोलो." तिने जोर लावला. आधी काही झालं नाही. मग आतून 'कर्रर्र' असा आवाज आला आणि एका फळीच्या दोन पाती झाल्या. मुलगी ओरडली. दुकानातली सगळी माणसं हसली.

रेहाल थोडी डगमगते. डावा पाय उजव्याहून जरासा आखूड राहिला आहे. मिस्त्री एका मिनिटात तो सारखा करणार होते. मुलाने नको म्हटलं. घरी येऊन त्याने कानस घेतली आणि अर्धा तास घासला, तरी किंचित फरक राहिलाच.

पातीच्या खालच्या बाजूला, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे मुलाने पेन्सिलने तीन नावं लिहिली आहेत. त्याचं, बहिणीचं आणि मिस्त्रींचं. हसन बिन सुलेमानची गोष्ट मी त्याला आदल्या रात्री सांगितली होती. ईदच्या आदल्या दिवशी तो मिस्त्रींना नाव कसं लिहायचं ते विचारायला गेला, तेव्हा त्यांना ते लिहून दाखवता आलं नाही. ते बोलले आणि त्याने लिहिलं.

ईदची नमाज पढून आलो, तेव्हा आई नव्या रेहालवर कुराणशरीफ उघडून बसली होती. डाव्या पायाखाली तिने कागदाची घडी सरकवली होती. शीरखुर्म्याचा एक डबा तिने आधीच भरून बाजूला ठेवला होता. मुलाकडे बघून म्हणाली, "ये मिस्त्री के घर दे के आ. और उनके लड़के को बोल, कल हमारे यहाँ आए. तू उसको इंग्लिश दिखा, वो तेरे को पाँव सीधा करना दिखाएगा."

त्या मुलाला करवत येत नाही, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तो दोनों मिल के सीखेंगे."